लाईट, वीज आणि ट्रान्झिस्टरची खरखर

खाडीकाठ (धागाकर्ता) | रात्री ९:४०

परवा हत्तीचा पाऊस झोडपून गेला. यंदा हस्त चांगलाच बरसतोय, भात आडवं झालंय, ते रडगाणं वेगळ्या धाग्यात. तर संध्याकाळी सातलाच लाईट गेली. आमच्याच माडाची झावळी तारेवर आडवी, म्हणजे बोलायलाही तोंड नाही. इन्व्हर्टरने तासाभरात मान टाकली. बारावीतली नात ओटीवर मोबाइलची बॅटरी वाचवत बसली होती. म्हटलं, हिला जरा जुना माल दाखवू. माळ्यावरून दोन बँडचा ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले, मिडियम वेव्हवर मुंबई लावली.

समोर समुद्रावर विजा चालू होत्या. वीज लखलखली की त्याच क्षणी सेटमध्ये ‘खर्र’. मग बऱ्याच वेळाने गडगडाट. नातीने एकदा मोजलं, नऊ सेकंद. म्हणजे वीज तीन किलोमीटरवर, एवढं तिला शाळेतून ठाऊक होतं. तिने विचारलं ते दुसरंच. "आबा, गडगडाट मागून का येतो ते कळलं. पण रेडिओला वीज दिसते कशी? डोळे नाहीत, काही नाही, आणि खरखरतो तर अगदी उजेडाबरोबर!"

चाळीस वर्षं तालुक्याच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पावसात खरखर येते म्हणून सेट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी "वरच्याला सांगा" म्हणून परत पाठवलंय. पण खरखर आणि उजेड एकत्र का पोचतात, हे एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं.

मग मी सेटची पाठ उघडली. आत पेन्सिलीएवढा काळा फेराइट रॉड असतो, त्यावर बारीक तारेची कॉइल. मिडियम वेव्ह येते ती यावर. हा रॉड चुंबकाचं बदलणं पकडतो. बाहेर ओढायची ती स्टीलची एरियल एफएमसाठी. तिच्यातले इलेक्ट्रॉन वरखाली ढकलले जातात, म्हणजे ती विजेचं बदलणं पकडते. नातीला म्हटलं, मुंबईहून येतंय त्यात दोन्ही आहे, वीजही आणि चुंबकही. आम्ही एका बँडला एका बाजूने धरतो, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूने.

तिला पटावं म्हणून मुंबई लावलेला सेट हातात आडवा धरून हळूहळू गोल फिरवला. रॉडचं टोक उत्तरेकडे आलं की आवाज बसतो. रॉड पूर्वपश्चिम केला की खणखणीत. आमच्या इथून मुंबई जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. लाट येते त्या दिशेला चुंबकाचं क्षेत्र कधी नसतं, आडवं असतं. रॉडचं टोक लाटेकडे केलं तर कॉइलमधून क्षेत्र जातच नाही.

पुढे तिला सांगितलं की आकाशातली वीज म्हणजे प्रचंड मोठी ठिणगी. ती चमकते तेव्हा विजेचं क्षेत्र उसळतं, ते संपताना चुंबकाचं क्षेत्र उभं राहतं, ते संपताना पुन्हा विजेचं, असं पुढे पुढे. त्यातला काही भाग डोळ्याला दिसतो, काही रॉडला. म्हणजे आपण ‘लाईट गेली’ म्हणतो तेव्हा विजेलाच उजेड म्हणतो, ते अगदीच अडाणीपणाचं नाही म्हणायचं! इथे शिकलेली मंडळी आहेत. मी बरोबर सांगितलं का?

---

काजूबी | रात्री १०:०५

काका, मस्त! पण एक बाळबोध शंका. प्रकाश जर वीजच असेल, तर सूर्याला वायर कुठली जोडलीय? आणि चिमणीचा उजेड? आमच्या आजीच्या चिमणीला कधी शॉक लागला नाही.

---

खाडीकाठ | रात्री १०:२२

बाळबोध नाही, हीच शंका खरी. प्रकाश म्हणजे तारेतली वीज नव्हे. तारेत वाहतो तो इलेक्ट्रॉनचा प्रवाह, आणि तो बल्बच्या बाहेर येत नाही. पण भार असलेला कण हलला, थरथरला की त्याच्या भोवतीची क्षेत्रं बदलतात आणि तो बदल बाहेर धावत सुटतो. धावतो तो प्रकाश. सूर्यात उष्णतेने कण थरथरतात, चिमणीच्या ज्योतीत काजळीचे कण तापून थरथरतात, पिवळ्या बल्बच्या तारेत वीज तेच करते. कण हलवायला वायरच हवी असं कुठाय!

---

निवृत्त_मास्तर | रात्री ११:१०

खाडीकाठ, रॉड आणि एरियलचं उदाहरण वर्गात वापरलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं. पण एका ठिकाणी कान धरतो. ‘एक क्षेत्र संपताना दुसरं उभं राहतं’ हे चुकीचं, आणि बऱ्याच पुस्तकांतही असंच छापलेलं असतं. मोकळ्या जागेत धावणाऱ्या लाटेत दोन्ही क्षेत्रं एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी शून्यावर येतात. लपंडाव नाही, दोघे बरोबर चालतात. फक्त एकमेकांना काटकोनात, आणि दोघेही लाटेच्या दिशेला काटकोनात. तुमचा रॉड उत्तरेकडे केल्यावर मुका होतो तो त्यामुळेच.

आता खरी गंमत. वीज आणि चुंबक यांचं नातं १८२० साली कळलं. ओर्स्टेडने तारेतून प्रवाह सोडला आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. उलट बाजू १८३१ मध्ये फॅरडेने दाखवली, चुंबक हलवला तर तारेत वीज येते. इथवर प्रकाशाचा कुणाशी काही संबंध नाही. त्याचं घराणं वेगळं, त्याचे अभ्यासक वेगळे.

१८४५ मध्ये फॅरडेने शिसं घातलेल्या जड काचेतून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात डोलणारा प्रकाश, सोडला आणि काच जबरदस्त विद्युतचुंबकात ठेवली. प्रकाशाचं प्रतल वळलं. थोडंसंच, पण वळलं. चुंबकाने प्रकाशाला हात लावल्याचा तो पहिला पुरावा. तरी का वळलं, ते कुणाला सांगता येईना.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश या दोघांनी एक रुक्ष काम केलं. विजेचा भार मोजायची तेव्हा दोन मापं होती. एक, स्थिर भार एकमेकांना किती ढकलतात त्यावरून. दुसरं, प्रवाहाचं चुंबकत्व किती त्यावरून. त्यांनी भार साठवणारी बरणी घेतली, तिचा भार एका मापाने मोजला, मग ती तारेतून मोकळी केली आणि सुई किती उडाली ते पाहून दुसऱ्या मापाने मोजला. दोन मापांचं गुणोत्तर एक वेग निघाला. आजच्या भाषेत सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर. प्रयोगात दिवा नाही, भिंग नाही, प्रकाशाचा काही संबंधच नाही! बरणी, तार, सुई.

वीज-चुंबकाचं गणित मांडणारा शास्त्रज्ञ मॅक्सवेल १८६१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला आपल्या गावच्या घरी होता. मेमध्ये आपले मुंबईकर घरी येतात तसाच. तिथे त्याच्या गणितात विद्युतचुंबकी हालचालीचा वेग निघाला, पण हा आकडा पडताळायला पुस्तकं हाताशी नव्हती. लंडनला परत गेल्यावर त्याने वेबर-कोलराउशचा आकडा काढला आणि फिझोच्या आकड्याशेजारी मांडला. फिझोने १८४९ मध्ये पॅरिसजवळ दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता, सुमारे ३,१५,००० किलोमीटर. दोन्ही मापनांत चुका होत्या, खरा आकडा २,९९,७९२ आहे. पण दोन्ही इतके जवळ की योगायोग म्हणणं अवघड. प्रकाश हा त्याच माध्यमाची हालचाल आहे जे वीज आणि चुंबक घडवतं, असं त्याने लिहून टाकलं.

उद्या दहावीच्या जादा तासाला जायचंय, बाकी नंतर.

---

काजूबी | रात्री ११:३१

बरणीत प्रकाशाचा वेग सापडला. हे वाचून झोप गेली हो मास्तर.

---

तांडेल_मालवण | सकाळी ६:१५

माका येक सांगा. आमच्या होडयेर बारा व्होल्टाची बॅटरी असा. दिवो लावलो की होकायंत्राची सुई पाच-सात अंश सरकता. बंद केलो की परत जाग्यार. मी समजत होतंय होकायंत्र बिघडलां. ह्यां तांच काय, १८२० वालां?

---

खाडीकाठ | सकाळी ७:०२

तांडेल, अगदी तेच. ओर्स्टेडचा प्रयोग तुम्ही रोज रात्री करताय. होकायंत्र चांगलं आहे, वायरिंग बदला. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना सुंभासारखी पिळून न्या, म्हणजे दोघींचं चुंबकत्व एकमेकींना खोडून काढेल. आणि वायर होकायंत्रापासून हातभर लांब ठेवा. स्पीकर तर अजिबात जवळ नको, त्यात कायमचा चुंबक असतो.

---

अष्टागर | सकाळी ९:४८

चुंबकाचा विषय निघाला आणि अलिबागकर गप्प बसेल? आमच्याकडची वेधशाळा विसरू नका. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. शहरात विजेवरची ट्राम येणार असं ठरलं तेव्हा प्रश्न पडला, रुळांतून प्रवाह जाणार आणि सुया भरकटणार. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी वास्तू बांधली आणि काम इकडे आणलं. तेव्हा संचालक होते मूस, कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. म्हणजे तांडेलांच्या दिव्याची जी भानगड, तीच शहराच्या मापाची!

जागा बदलताना मूस यांनी घाई केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजलं, म्हणजे जुनी नोंद आणि नवी नोंद जोडता यावी. लहानपणी आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो, आत किल्ल्यांचा जुडगा घेऊन जाऊ देत नाहीत अशी ख्याती होती.

कुलाब्याच्या जुन्या वह्यांत १८५९ च्या सप्टेंबरातलं वादळ सापडतं. १ सप्टेंबरला इंग्लंडात कॅरिंग्टनला सूर्यावर पांढरी चमक दिसली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ आदळलं. कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकी क्षेत्राचं माप) खाली आलंय.

---

काजूबी | सकाळी १०:१२

मग चमक आणि वादळ बरोबर का नाही आले? वीज-चुंबक-प्रकाश एकच ना?

---

अष्टागर | सकाळी १०:३०

चमक प्रकाश होती, सव्वाआठ मिनिटांत पोचली. वादळ म्हणजे सूर्यातून फेकलेला भारित कणांचा लोट. ते पदार्थ आहेत, लाट नव्हे, त्यांना धावत यावं लागलं. काकांच्या ओटीवरचंच आहे, चमक आधी आणि गडगडाट मागून. फक्त नऊ सेकंदांऐवजी साडेसतरा तास.

---

गडकोट_विजयदुर्ग | दुपारी १२:०५

प्रकाशावर धागा आणि विजयदुर्गाचं नाव नाही? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने आमच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला. साहेबाचे ओटे अजून आहेत. बघून जा.

---

निवृत्त_मास्तर | दुपारी १:४०

ओटे आहेत, ग्रहण कोकणातून दिसलं हेही खरं. पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. त्याने ऑक्टोबरात इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, हेलियमची पिवळी रेषा पाहिली. ग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आला होता, तो गुंटूरला. विजयदुर्गावर प्रेम माझंही आहे. पण मुलांना सांगताना एवढं सांभाळावं.

विषयाशी धागा असा जुळतो. वर्णपटातल्या या रेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का, हे फॅरडेने १८६२ मध्ये तपासलं आणि त्याला काही दिसलं नाही. उपकरण पुरेसं बारीक नव्हतं. १८९६ मध्ये झीमनने सोडियमची ज्योत चुंबकात ठेवली आणि रेषा रुंदावल्या. पुढे १९०८ मध्ये हेलने त्याच खुणेवरून सूर्यावरच्या डागांत जबर चुंबकत्व आहे हे इथे पृथ्वीवर बसून ओळखलं.

---

गडकोट_विजयदुर्ग | दुपारी २:१५

पटलं नाही. पण वाचतो.

---

गरीवाला | दुपारी ३:३०

मी खडकावर बसून गरी टाकणारा, मला वेगळी हौस. पोलराइज्ड गॉगल घातला की पाण्यावरची चकाकी जाते आणि खडकाखालचा तांबोसा सरळ दिसतो. साध्या काळ्या गॉगलने असं होत नाही. दुकानदार म्हणाला ‘स्पेशल काच’. ही भानगड चुंबक-विजेचीच का?

---

खाडीकाठ | दुपारी ४:१०

विजेची. मास्तरांनी सांगितलं ना, लाटेत विजेचं क्षेत्र दिशेला काटकोनात डोलतं. सूर्याच्या प्रकाशात ते सगळ्या बाजूंनी डोलतं. पाण्यावर तिरकं आपटून परतताना आडवं डोलणारं जास्त उरतं. तुमच्या काचेत आडवं गिळून टाकणारं पटल आहे, उभं तेवढं आत येतं. मान खांद्यावर टाकून बघा, चकाकी परत येईल. आणि गॉगलमधून मोबाइलकडे बघत तो हळूहळू फिरवा. बऱ्याच मोबाइलचा पडदा एका कोनात काळाठिक्कर होतो. दुकानात एलसीडी टीव्ही आले तेव्हा चालू टीव्ही ‘बंद पडलाय’ म्हणून एक जण तणतणत आला होता, डोळ्यावर हाच गॉगल!

---

निवृत्त_मास्तर | संध्याकाळी ६:२०

गरीवाल्यांच्या प्रश्नावरून जगदीशचंद्र बोस आठवले. मॅक्सवेल १८७९ मध्ये गेला, त्याची लाट प्रयोगशाळेत कुणी पाहिली नव्हती. १८८७-८८ मध्ये हर्ट्झने जर्मनीत ठिणगी पाडून ती पाहिली. खोलीत एका टोकाला ठिणगी, दुसऱ्या टोकाला तारेच्या कड्यातल्या फटीत बारीकशी दुसरी ठिणगी. खाडीकाठ यांच्या ओटीवर आकाशातली वीज म्हणजे हर्ट्झची ठिणगी आणि ट्रान्झिस्टर म्हणजे ते कडं.

हर्ट्झच्या लाटा काही मीटर लांबीच्या. बोसांनी कलकत्त्यात त्या काही मिलिमीटरवर आणल्या, म्हणजे टेबलावर प्रकाशासारखे प्रयोग करता यावेत. गरीवाल्यांची ‘स्पेशल काच’ त्यांनी कशाची केली माहितीये? रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाड पुस्तक घेतलं आणि पानांमध्ये टिनफॉइल घातला. ठरावीक दिशेने डोलणाऱ्या लाटाच त्यातून पार जात. आणि लाटेचं प्रतल वळवायला पिळलेला ताग वापरला. उजवा पीळ एकीकडे वळवतो, डावा दुसरीकडे. बंगालात ताग हाताशी, म्हणून ताग. कोकणात असते तर काथ्या घेतला असता.

---

सोलकढी | रात्री ८:५०

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मास्तर, बरणीतला वेग वाचल्यावर मला मायक्रोवेव्हमध्ये तो शोधायची खुमखुमी आली. कुठेतरी ऐकलं होतं की आतली फिरती तबकडी काढली तर पदार्थ ठिपक्याठिपक्यांनी भाजतो.

फिरणारी तबकडी आणि खालचं चाक काढलं, एक बशी पालथी घातली, त्यावर उडदाचे तीन पापड जरासे ओले करून एकमेकांना चिकटवून ठेवले. पंचवीस सेकंद. उघडलं तर कडा कच्च्या आणि मध्ये पांढरे फुललेले ठिपके! पट्टीने जवळजवळच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं, तीनदा. साडेपाच, साडेसहा, आणि साधारण ६.२ सेंटीमीटर. शेवटचे ठिपके सगळ्यात स्पष्ट होते, ते धरलं. ठिपक्यापासून ठिपका म्हणजे अर्धी लाट, म्हणून पूर्ण लाट १२.४ सेंटीमीटर. ओव्हनच्या मागे २४५० मेगाहर्ट्झ लिहिलंय. गुणाकार केला तर सेकंदाला ३,०३,८०० किलोमीटर.

सासूबाई मागे उभ्या. म्हणाल्या, "पापड भाजायला पट्टी कशाला लागते गो?"

---

निवृत्त_मास्तर | रात्री ९:०५

ताई, फिझोपेक्षा तुमचा आकडा खऱ्याच्या जवळ आहे. साडेपाच घेतलं असतं तर २,६९,५०० आला असता हे मात्र वहीत लिहून ठेवा. ठिपके नेहमी एका ओळीत येत नाहीत, ओव्हनच्या पेटीत लाटा तिन्ही बाजूंनी आपटतात. आणि फार वेळ लावू नका, पापड पेटतो.

---

काजूबी | रात्री ९:२०

मग रेडिओची लाट, ओव्हनची लाट आणि उजेड यांत फरक कशाचा उरला?

---

खाडीकाठ | रात्री ९:३६

लांबीचा. मिडियम वेव्हची लाट शेकडो मीटरची, एफएमची तीनेक मीटरची, सोलकढीताईंची १२ सेंटीमीटरची, आणि डोळ्याला दिसते ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, त्यातही लाल मोठी आणि जांभळी लहान. एरियल लाटेच्या मापाची लागते. डोळ्यातली एरियल बारीक आहे, म्हणून नातीला मुंबई केंद्र दिसत नाही आणि माझ्या रॉडला इंद्रधनुष्य ऐकू येत नाही. वेग मोकळ्यात सगळ्यांचा एकच.

नात म्हणतेय, तिला आता ते गुणोत्तराचं गणित करायचंय. कॅल्क्युलेटर घेऊन बसलीय. विजेचा स्थिरांक ८.८५४ गुणिले दहाचा उणे बारावा घात, चुंबकाचा १.२५७ गुणिले दहाचा उणे सहावा. गुणा, वर्गमूळ काढा, एकला त्याने भागा. पहिल्यांदा वर्गमूळ विसरली. दुसऱ्यांदा २९९७ वगैरे आलं तशी ओरडलीच, मला वाटलं साप निघाला.

---

तांडेल_मालवण | सकाळी ७:२०

वायर पिळलंय, सुई आता हलना नाय. उपकार झाले.

आणि आज येक केलंय. पहाटे होडयेर ट्रान्झिस्टर घेऊन गेलंय. उजाडल्यार इंजिन बंद केलंय, नायतर त्येचीच खरखर. मुंबय लावून सेट हळूहळू फिरवलंय. आवाज बसलो थंय थांबलंय आणि होकायंत्र बघलंय. रॉडचा टोक उत्तरेच्या वायच डावीकडे, धा-बारा अंश. नकाशार पट्टी ठेवून बघलंय, मालवणासून मुंबय थंयच. वीज आणि चुंबक दोघय येकच बोट दाखवतत!

येक भानगड मात्र हा. सेट उलटो फिरवलो तरी आवाज तितकोच बसता. म्हंजे मुंबय म्होरे हा की पाटसून, तां रेडियो सांगना नाय. तां तांडेलाकच ठावक व्हया.